मे महिन्यातली फकिरी

आई, यंदा मोहरमला मी कोल्हापूरला जाऊन आले. तुला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात मी कोल्हापूरला आले ती लग्नांना, बारशांना, एकदा दवाखान्यात कुणाला तरी भेटायला. पीर बसलेले असताना मुद्दाम अशी कधी आले नव्हते. का चालले आहे, हे घरात नीट सांगताही आलं नाही. मुलीला वाटलं मी अंबाबाईला चालले आहे, आणि मी हो म्हणून मोकळी झाले. आता परत येऊन आठवडा झालाय, आणि डोक्यात नुसता गुंता आहे. तुला विचारायचं एकच आहे. माझ्या गळ्यात तू पिराचा नाडा बांधायला लावायचीस, तो नवस फिटला होता, की तू तो मधेच सोडून दिलास? आणि सोडला असलास, तर माझ्यामुळे का?

तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमानं लिहिते, नाहीतर माझंच मला सापडायचं नाही. मे महिन्याची सुट्टी. अण्णा पहिल्या पाळीला गिरणीत गेलेले. तू मला न्हाऊ घालतेस, शिकेकाईनं डोळे चुरचुरतात, आणि ओल्या केसांनीच मला गल्लीच्या टोकाला तालमीत नेतेस. एरवी तिथे लाल मातीचा आणि पैलवानांच्या घामाचा वास असतो. त्या दहा दिवसांत मात्र ऊद जळत असतो, आणि भिंतीशी रंगीत कापडांत, फुलांच्या माळांत पिराचे पंजे उभे असतात. मुजावरचाचा मोरपिसांचा कुंचा माझ्या डोक्यावरून फिरवतात, कपाळाला उदाची राख लावतात आणि लाल-हिरव्या सुताचा पिळलेला नाडा गळ्यात बांधतात. "झाली फकीर," ते म्हणतात. तू डोक्यावरचा पदर सावरून वाकतेस, आणि माझंही डोकं हातानं खाली दाबतेस. मग नियम सुरू होतात. दहा दिवस पायात चप्पल घालायची नाही, खाटेवर झोपायचं नाही, मटण खायचं नाही आणि कुणाला उलटून बोलायचं नाही. यातला शेवटचा नियम पिराचा होता की तुझा, हे मला अजून कळलेलं नाही.

फकीर झालं की पाच घरं मागायची. तू कोपऱ्यावर उभी राहायचीस आणि मला एकटीला पुढं पाठवायचीस. "दारात हुबं ऱ्हायचं, पिराची फकीर आलीया म्हनायचं, आनि गप ऱ्हायचं. घालतील ते घ्यायचं, तोंड वाकडं करायचं न्हाय." मी पिशवी उघडून उभी राहायची. समोरच्या घरातल्या काकूंना माझी गंमत करायला फार आवडायचं. त्या सुपात गहू घेऊन उंबऱ्यात उभ्या राहायच्या, पण घालायच्या नाहीत.

"काय गं फकिरे, इंग्रजी शाळंत जातीस न्हवं तू? मग इंग्रजीत माग की!"

मी खूप विचार करून म्हटलं, "प्लीज."

"म्हंजे काय?"

"म्हंजे द्या."

"एवढंच? ते तर मराठीत बी तेवढंच हाय की!" असं म्हणून त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की गल्लीतल्या सगळ्या बायका दारात आल्या. तेव्हापासून त्या गल्लीत मी 'प्लीजवाली' झाले. तू कोपऱ्यावरून हे ऐकत होतीस. तू हसली नाहीस. पण परत येताना माझ्या हातातली पिशवी तू स्वतः घेतलीस, आणि तुझी मान मला नेहमीपेक्षा ताठ दिसली. माझ्या इंग्रजीचा तो तुला झालेला अभिमान होता, की उन्हानं तू डोळे बारीक केले होतेस म्हणून तसं वाटलं, कोण जाणे.

मागून आणलेल्या गव्हाचं पीठ करून तू गुळाच्या पाण्यात कणीक मळायचीस आणि जाडजाड चोंगे करायचीस. वर खसखस लावून ते तव्यावर खरपूस व्हायचे. पहिले पाच पिराला, मग मुजावरचाचांच्या घरी, मग आमच्या पानात. तुझ्या हातच्या पुरणपोळ्या, दिवाळीची कडबोळी, गौरीच्या वेळच्या वड्या मला आठवतात, पण त्यांची चव आता जिभेवर येत नाही. चोंग्याची येते. तळाशी किंचित करपलेल्या गुळाची. मी करून पाहिले, माझे मऊ होतात.

मला तेव्हा वाटायचं की मोहरम हा उन्हाळी सुट्टीचा सण आहे. आंबे आले, शाळा सुटली, की पीर बसतात. जसे दिवाळीच्या सुट्टीत किल्ले, नाताळात शाळेतला गोठा आणि त्यातलं पोर, तसा मे महिन्यात माझ्या गळ्यात नाडा. कोणता सण कुणाचा, हे मला माहीत नव्हतं, आणि तू कधी सांगितलंही नाहीस. तू नुसतं "सन आला" म्हणायचीस. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सिस्टरनी निबंध लिहायला दिला, सुट्टी कशी घालवली. मी लिहिलं की सुट्टीत मी मामाकडे गेले, फणस खाल्ला आणि फकीर झाले. वही परत आली तेव्हा 'फकीर' शब्दाभोवती लाल गोल होता आणि शेजारी प्रश्नचिन्ह. मला वाटलं स्पेलिंग चुकलं. मी ते पाच निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहिलं आणि तुला विचारायला आले. तुला अक्षरओळख नव्हती, तरी तू वही हातात धरून बराच वेळ त्या लाल गोलाकडे बघत होतीस. "बरोबर हाय," म्हणालीस. "फकीरच की. दुसरं काय म्हनायचं?"

पण सण दरवर्षी मागं मागं येऊ लागला. आधी आंबे संपता संपता यायचा, मग ऐन आंब्यात, मग कैऱ्यांत. मी विचारलं तर तू म्हणालीस, "दिवाळी एका जाग्यावर बसल्याली असती. पीर चालत्यात. चालत चालत मागं येत्यात." चंद्राचा हिशेब मला फार पुढं वर्गात कळला आणि तो अगदी बरोबर होता, तरी तुझंच उत्तर मला जास्त पटतं. आणि असे चालत चालत एका वर्षी पीर वार्षिक परीक्षेत येऊन पोचले.

त्या वर्षी खरी पंचाईत झाली. कॉन्व्हेंटमध्ये काळे बूट नि पांढरे मोजे नसले तर फाटकातून आत घेत नसत, आणि फकिराला पायात काही घालायचं नाही. अण्णा म्हणाले, "यंदा ऱ्हाऊ दे." तू भाकरी थापत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "बूट पिशवीत घेईल. फाटकाम्होरं घालंल. शाळा सिस्टरबाईंची, रस्ता पिराचा." आणि तसंच झालं. मी अनवाणी चालत जायची, तू बूट घेऊन बरोबर यायचीस, फाटकाशी खाली बसून माझे तळवे पदरानं पुसायचीस आणि बुटांच्या नाड्या बांधायचीस. संध्याकाळी उलटं. रिक्षावाले बघायचे. माझ्या वर्गातल्या मुली गाड्यांतून उतरायच्या, त्याही बघायच्या. मला लाज वाटायची का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय, की आता जे उत्तर येतं ते तेव्हाचं की नंतर तयार झालेलं, ते कळत नाही.

भूगोलाच्या पेपरला सिस्टरला माझ्या कॉलरमधून नाडा दिसला. दुसऱ्या दिवशी तुला बोलावणं आलं. हेडमिस्ट्रेस सिस्टर मंगळूरकडच्या होत्या, मराठी त्यांना येत होतं, पण सगळं पुल्लिंगी. तू खुर्चीच्या अगदी कडेला बसलीस. बुटांची रिकामी पिशवी तुझ्या मांडीवर.

"हा दोरा कशाला?" सिस्टरनी विचारलं.

"नवस हाय, सिस्टरबाई."

"तुम्ही मुसलमान?"

"न्हाय. मराठे हाय आमी."

"मग?"

"मग काय?" तू म्हणालीस.

तू ते उद्धटपणे म्हटलं नव्हतंस, मला माहीत आहे. तुला खरंच प्रश्न कळला नव्हता. सिस्टर तुझ्याकडे बघत राहिल्या, तू त्यांच्याकडे. शेवटी त्याच थोड्या हसल्या. "नवस कशासाठी?" तू माझ्याकडे पाहिलंस, मग खिडकीबाहेर, आणि म्हणालीस, "ते बोलायचं नसतंय." सिस्टरनी मान डोलावली, जणू ते त्यांना पटलं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, तुला याचा काही त्रास होतो का, बाळ? मी सरळ उत्तर दिलं. एप्रिलचा उकाडा होता, कॉलर कडक होती, खालचं सूत घामानं ओलं झालं होतं. "इट इचेस, सिस्टर," मी म्हणाले.

"काय म्हनालीस गं?" तू लगेच विचारलंस.

"खाजतंय म्हटलं."

एवढंच. सिस्टर म्हणाल्या, परीक्षा होऊ दे, दोरा आत ठेवायचा, बाहेर दिसायला नको. तू हात जोडलेस. घरी आल्यावर मला चुलीपाशी बसवून नाड्याखाली मानेला खोबरेल चोळलंस आणि म्हणालीस, "मला सांगायचं की." आवाज चढला नव्हता. राग होता की माया होती, मला तेव्हाही समजलं नाही. दहाव्या दिवशी पंजे पंचगंगेला गेले, नाडा पाण्यात सोडला, मान हलकी झाली. पुढच्या वर्षी तू मला तालमीत नेलंच नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही. तू काही बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. विषय असा मिटला की जणू कधी नव्हताच.

तेव्हापासून माझ्या मनात एक समज घर करून होता. मी लहानपणी मुदतीच्या तापात मरता मरता वाचले, म्हणून तू नवस बोललीस. मी मोठी झाले, धोका टळला, नवस संपला. हे मला कुणी सांगितलं ते आठवत नाही. बहुतेक मीच जुळवलं.

यंदा तालमीत गेले. पावसाची भुरभुर होती, पीर आता चालत चालत आषाढाकडे आलेत. मुजावरचाचा कधीच गेले, पण चाची आहेत. ऐकू कमी येतं, नजर चांगली. मला ओळखलं नाही. "कुनाची गं तू?" मी अण्णांचं, गिरणीचं, गल्लीचं सांगितलं. चाची बघतच राहिल्या आणि एकदम माझ्या दंडावर चापट मारून म्हणाल्या, "प्लीजवाली व्हय! म्हातारी झालीस की गं!" मग त्यांनी मला शेजारी बसवलं. बोलता बोलता मी म्हटलं, तापातून उठले म्हणून आईनं मला फकीर केली होती ना. चाचींनी तोंड वेडंवाकडं केलं. "ताप? कसला ताप? तू तर पैलवान हुतीस. शाळंचा नवस हुता तो. त्या बायांच्या शाळंत पोरीचं नाव लागू दे, पाच वर्सं फकीर करीन म्हनाली. माझ्याम्होरं बोलली. पाच झाली, संपली. तुझी आई लई चोख बाई."

मला हसू आलं आणि लगेच कसंतरीच झालं. म्हणजे सिस्टरच्या खोलीत तू बसली होतीस ती त्याच नवसापोटी, ज्यानं मला त्या खोलीपर्यंत आणलं होतं? आणि सिस्टर विचारत होत्या, नवस कशासाठी? तुला तेव्हा आतून हसू येत होतं का? की भीती वाटत होती, खरं कळलं तर पोरीचं नाव काढतील म्हणून? तुझा तो खिडकीकडे वळलेला चेहरा मी आता दोन्ही प्रकारे बघते आणि दोन्ही बसतात.

चाचींचं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी गारगोटीला मावशीकडे गेले. तुझी धाकटी बहीण आता पंच्याऐंशीला टेकली आहे, पण जिभेची धार तीच. मी चाचींचं म्हणणं सांगितलं तर ती उसळलीच. "शाळंसाठी कोन नवस बोलतंय? याड लागलंय तिला. तुला ताप आलता, डोळं पांढरं केलतंस, मी हुतो तिथं. आक्का म्हनाली, पोर वाचली तर लगीन हुईस्तोवर फकीर करीन."

"लग्न होईपर्यंत?"

"व्हय."

"मग नवस मधेच का सोडला?"

"मला काय इचारतीस? तुझ्या शाळंला इचार. पोरगी लाजती, तिला टोचतंय, असं म्हनाली. मी म्हनलं, आक्का, बोललेलं मोडू नगं. ऐकली न्हाय." मग तिनं माझ्याकडे न बघता, शेंगा सोलत सोलत म्हटलं, "म्हनून तर गेली लवकर."

आई, ज्या शाळेनं मला वाढवलं तिथे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला शिकवत नसत, आणि तुझ्या पिरानंही कधी कुणावर डूख धरल्याचं मी ऐकलं नाही. मावशी दुःखानं बोलते, हे मला कळतं. तू गेलीस ती काविळीनं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी तिथे होते. तरी गारगोटीहून येताना एस.टी.त मी बोटांवर वर्षं मोजत होते. पाच भरतात का बघत होते. कधी पाच होतात, कधी चार. पहिल्या वर्षाचं जे आठवतं ते खरंच आठवतं, की तुम्ही सांगितलेलं, याची खात्री नाही. आणि मावशी म्हणाली 'टोचतंय'. मी टोचतंय म्हटलं नव्हतं. मी खाजतंय म्हटलं होतं. तू बदललंस की मावशीनं?

अजून एक गोष्ट आहे, ती कुणालाच सांगितली नाही. मी पुण्याला कॉलेजात होते आणि नाताळच्या सुट्टीत घरी आले होते. कडाक्याची थंडी. तू मंडईत चाललीस, मी बरोबर. रस्त्यात माझं लक्ष गेलं, तुझ्या पायात काही नाही. "चपला कुठायत?" मी विचारलं. "शिवाय टाकल्यात," तू म्हणालीस. कोल्हापुरात चप्पल शिवायला किती वेळ लागतो, आई? त्या सगळ्या सुट्टीत मी तुला अनवाणीच पाहिलं. तेव्हा मी फार विचार केला नाही, सुट्टीत मला मैत्रिणी होत्या, सिनेमा होता. आता वाटतं, पीर तोवर चालत चालत थंडीत पोचले असतील का? माझ्या वाटणीचं तू स्वतःच चालत होतीस का? दरवर्षी? की चपला खरंच शिवायला टाकल्या होत्या, आणि अण्णांचा पगार उशिरा झाला होता, एवढंच? त्या वर्षी मोहरम कोणत्या महिन्यात होता, हे आता कुणीही क्षणात शोधून देईल. नातू तर मोबाइलवर एका बोटानं काढेल. मी त्याला सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला माहीत आहे. तू असतीस तरी तुला ते वाचता आलं नसतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. सगळं वाचलं असतं, मावशीचंसुद्धा. एक तेवढं कदाचित गाळलं असतं, ते आता लिहून टाकते. ज्या वर्षी तू मला तालमीत नेलं नाहीस, त्या वर्षी तालमीकडून ताशांचा आवाज आला त्या सकाळी मी आपणहून उठून न्हाले होते. शिकेकाई मीच कुटली होती. ओल्या केसांनी येऊन उंबऱ्यात बसले होते, अनवाणी, पिशवी मांडीवर घेऊन. तू आतून आलीस, मला बघितलंस, दोरीवरचा पंचा काढून माझ्या अंगावर टाकलास आणि म्हणालीस, "केस पूस, सर्दी हुईल." मी पिशवी मागे सरकवली आणि केस पुसले.